बाहेरून झालेली डॉक्टर

नगरहून काष्टीला घरी येताना मी एसटीत कायम खिडकी धरते आणि रस्त्याकडेचे फ्लेक्स वाचत येते. कागदावर आता अहिल्यानगर आहे, पण कंडक्टरकडं तिकीट मागताना तोंडातून नगरच निघतं. तर फ्लेक्स. वाढदिवस, निवड, अभिनंदन, पुन्हा वाढदिवस. आणि नावाच्या आधी 'डॉ.' पतसंस्थेचे चेअरमन डॉ. मंगल कार्यालयाचे मालक डॉ. वीटभट्टीवाले डॉ. यांतल्या एकानंही कधी कुणाची नाडी पाहिलेली नाही, आणि मी छातीठोक सांगते, ग्रंथालयाची पायरीही चढलेली नाही. हे घरबसल्या झालेले डॉक्टर. पैसे भरा, फोटो पाठवा, दूरशिक्षणाच्या नावाखाली पीएच.डी. कुरिअरनं दारात. म्हणे काळा झगा आणि गोंड्याची टोपीसुद्धा येते. फोटो काढायचा आणि झगा परत पाठवायचा.

मी विद्यार्थ्यांच्या संघटनेचं काम करते. नगरजवळ भिंगारला खोली घेऊन राहते, पत्रकं लिहिते, छापून आणते, चौकात उभी राहून वाटते. या कुरिअर डॉक्टरांवर मी पहिलं पत्रक काढलं, त्याचा मथळा होता, 'डॉक्टरसाहेब, तुमचा विषय काय होता?' बस, एवढाच प्रश्न. उत्तर कुणी दिलं नाही. एकाचा फोन मात्र आला.

"कुणाच्या सांगण्यावरून छापलंस हे?"

"हाच तुमचा विषय होता का?" मी विचारलं. फोन कट.

नियम सरळ आहे आणि मी तो प्रत्येक पत्रकात छापते. पीएच.डी. पत्रव्यवहारानं होत नाही. नोकरी आणि घर सांभाळून अर्धवेळ करता येते. पण तिथंही मार्गदर्शकासमोर जाऊन बसावं लागतं, वर्गात तास भरावे लागतात, केलेलं काम वेळोवेळी दाखवावं लागतं, आणि प्रबंध तपासून झाला की परीक्षक समोर बसवून उलटसुलट विचारतात. अर्धवेळ म्हणजे अर्धी पदवी, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा करून बघावी.

हे मला इतकं तोंडपाठ कसं, तर ती सगळी खटपट आमच्याच घरात चालू होती. माझी वहिनी करत होती.

वहिनी आमच्या गावाजवळच्या कॉलेजात मराठी शिकवायची, तासिकेवर. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढं मानधन, आणि पुढच्या वर्षी बोलावतील की नाही ते साहेबांच्या मर्जीवर. शिकवता शिकवता तिनं नगरच्या संशोधन केंद्रात अर्धवेळ पीएच.डी.ला नाव घातलं. विषय घेतला तो थेट आमच्या घरच्या धंद्यातला. माझे वडील, त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, काष्टीच्या जनावरांच्या बाजारात दलाली करतात. विकणारा आणि घेणारा यांच्या मधे उभं राहून सौदा जुळवणं हे त्यांचं काम. वहिनीनं ठरवलं, या सौद्यांत माणसं नकार कसा देतात त्याचा अभ्यास करायचा.

"आबा, मी बाजारात येऊन बसू का?" तिनं विचारलं तेव्हा मी घरीच होते.

"बस की. पन इकायला काय हाय तुझ्याकडं?"

"काही नाही. नुसतं ऐकायचंय."

"नुसतं ऐकायचं?" आबांनी थोडा विचार केला. "मग लांब नको बसू. म्हशीच्या शेपटापाशी बस. खरं बोलनं तितंच चालतं."

असं ते काम सुरू झालं. बाजाराच्या दिवशी कॉलेजला सुट्टी टाकून वहिनी मोबाईलवर रेकॉर्डिंग करायची. डोक्यावर पदर, पायांत बूट. पहिले काही आठवडे व्यापारी तिला टाळायचे, नंतर हाका मारून बोलवायला लागले. "या, बाई, हिकडं या, हितं झकास नकार चाललाय!"

आमच्या बाजारात 'न्हाई' म्हणत नाहीत. का? कारण पुढच्या बाजारी पुन्हा त्याच माणसाला तोंड दाखवायचं असतं. मग 'न्हाई'ऐवजी काय म्हणतात? 'बघू की,' म्हणतात. 'घरात इचारतो,' म्हणतात. भाव फारच पाडून मागितला, तर 'चा घ्या आधी.' हातात चहाचा कप आला की शहाण्या गिऱ्हाइकानं ओळखावं, उठायची वेळ झाली. आणि सगळ्यांत पक्का नकार सगळ्यांत गोड असतो: 'जनावर तुमचंच हाय.' हे ऐकून एखादा नवखा पाव्हणा खूश होतो, दाव्याची दोरी धरायला हात पुढं करतो, आणि बाजार हसतो.

वहिनी हे सगळं वेचत होती आणि घरी येऊन भाकरी थापता थापता आईला नक्कल करून दाखवत होती. आई हसून हसून परातीवर वाकायची.

आता घोटाळा कुठं झाला ते सांगते. घोटाळा आबांनी केला, आणि प्रेमानं केला.

आमच्याकडं 'बाहेरून' हा शब्द आहे. शिक्षणात त्याचा अर्थ वाईट. 'बीए बाहेरून केलं' म्हटलं की समोरचा मनातल्या मनात निम्मे गुण कापतो. पण जनावरांच्या बाजारात तोच शब्द मानाचा आहे. म्हैस बाहेरून आणलीय म्हटलं की माणसं उठून बघायला येतात. आबांची सगळी हयात त्या बाजारात गेली. वहिनी नगरला जाती, पुण्याला जाती, मोठमोठ्या ग्रंथालयांत बसती, हे ते बघत होते. मग ते भेटेल त्याला सांगायला लागले, "आमची सूनबाई डॉक्टर व्हायला लागलीय. बाहेरून!" चहाच्या टपरीवर सांगितलं, सोसायटीत सांगितलं, कांद्याच्या टेम्पोवाल्यांना सांगितलं. असं करत करत ते कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या साहेबांपर्यंत पोहोचलं.

हे साहेब स्वतः 'डॉ.' होते. कुठले ते तुम्ही ओळखलं असेलच.

नवीन वर्षाच्या तासांचं विचारायला वहिनी त्यांच्या केबिनमध्ये गेली, तेव्हा मी सोबत होते. साहेबांच्या मागं भिंतीवर त्यांचाच फोटो, काळा झगा, गोंड्याची टोपी. टोपी कपाळावर जरा जास्तच खाली आली होती. परत करायची होती ना, मापाची कशी असेल!

"या मॅडम, बसा. चहा सांगा रे." साहेब हसले. "कसं आहे मॅडम, तुमचं काम चांगलं आहे, दुमत नाही. पण तुमची पीएच.डी. पडली बाहेरून. तुमचे सासरेच सांगतात, सगळ्या बाजाराला माहीत आहे. बाहेरूनवाल्यांना तास दिले तर उद्या संस्थेकडं बोट दाखवतील लोक."

"सर, बाहेरून नाही, अर्धवेळ आहे. केंद्रात जाऊन..."

"तेच ते. पदवी हातात येऊ द्या, मग बघू. आणि कॉलेज काय परकं आहे का? कॉलेज तुमचंच आहे."

मी त्या फोटोकडं बोट केलं, तोंड उघडलं, तेवढ्यात टेबलाखाली वहिनीनं माझ्या पायावर पाय दिला. आम्ही चहा प्यायलो आणि बाहेर आलो.

फाटकापाशी आल्यावर ती हसायला लागली. मला वाटलं रडतेय.

"चहा, बघू आणि तुमचंच," ती म्हणाली. "तिन्ही एका दमात! ताई, एवढा भरगच्च नमुना मला अख्ख्या बाजारात मिळाला नव्हता." मग हसू ओसरलं. "तास गेले आपले."

तेव्हा मला कळलं, की प्रश्न मानधनापुरता नाही. तिला त्या वर्गात उभं राहायचं होतं. आणि ज्या पदवीसाठी ती बाजारच्या धुळीत बसली, तीच पदवी वर्गाच्या दारात आडवी आली होती. आता पदवी मिळाली तरी काय? गाव म्हणणारच, बाहेरून.

संध्याकाळी मी आबांना धरलं. "तुम्ही बाहेरून बाहेरून म्हणून सांगत का सुटलात?"

"मग काय सांगू? बाहेरूनच करतीय ना? गावात मिळती का ती डिगरी?"

"आबा, बाहेरून म्हणजे घरबसल्या. पैसे टाकून. त्या साहेबांसारखी."

आबांनी वहिनीकडं पाहिलं.

"बाहेरच्या म्हशीला लोक मान देत्यात," आबा हळूच म्हणाले. "मी तर आपल्या मानसाचा मान वाढवत हुतो." मग ते उठले आणि कारण नसताना गोठ्यात जाऊन म्हशींना पाणी दाखवून आले.

मी त्या साहेबांवर पत्रक काढायला निघाले होते. मथळाही तयार होता, तो इथं लिहिण्यासारखा नाही. वहिनी म्हणाली, "त्यांच्यावर काढून माझं काय खरं ठरणार, ताई? ते खोटे आहेत म्हणून मी खरी होत नाही." मी तो मथळा खोडला.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं संशोधन केंद्राच्या फलकावर. वहिनीचा प्रबंध तपासून आला होता आणि तोंडी परीक्षेची, म्हणजे वायवाची, सूचना लागली होती. तिला सोबत म्हणून गेले होते. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'परीक्षा सर्वांसाठी खुली आहे. इच्छुकांनी उपस्थित राहावे.'

"वहिनी, इच्छुक म्हणजे कोण?"

"ज्याची इच्छा आहे तो."

"कुणीही?"

"तसं लिहितात. येतं कोण? मार्गदर्शक, परीक्षक, दोनचार विद्यार्थी, आणि नवरा पेढ्यांची पिशवी घेऊन दाराबाहेर."

"मी काष्टी घेऊन येते."

"बघू," वहिनी म्हणाली.

"हा नकार आहे का?"

"आहे."

"मला बाजारातला नकार कळत नाही," मी म्हणाले आणि पिशवीतून कोरा कागद काढला.

शेवटी तिनं एका अटीवर मान्य केलं. कुणी टाळ्या वाजवायला यायचं नाही. यायचं तर प्रश्न विचारायला यायचं. मी जन्मात लिहिलेलं सगळ्यांत आखूड पत्रक तेच. वर मथळा: 'या आणि अडवा!' खाली तीन ओळी. आमच्या बाजारावर एका बाईनं प्रबंध लिहिला आहे. तिची परीक्षा नगरला खुल्यात आहे. खोटं लिहिलं असेल तर तोंडावर सांगा.

बाजारात वाटायला आबा स्वतः आले. त्यांना वाचायला चष्मा लागतो, पण मजकूर पाठ झाला होता. शेळ्यांच्या बाजूला एक चाचा बसतात, आबांचे जुने दोस्त आणि त्याहून जुने हाडवैरी. त्यांनी पत्रक उलटसुलट केलं.

"आमाला बी इचारता येतं व्हय?"

"येतं चाचा."

"परीक्षेत?"

"परीक्षेत."

"मग येतो. माजं बोलनं लिहून डॉक्टर होती, तर माज्यासमोर होऊ दे." आबांकडं तिरका डोळा करून पुढं म्हणाले, "घरच्या सुनंला घरच्यांनी पास करायचं, हे चालनार न्हाई."

"तू ये तर," आबा म्हणाले. "तुज्याच्यानं एक सवाल झाला तर लई झालं."

परीक्षेच्या दिवशी नगरला केंद्राच्या फाटकावर दोन टेम्पो थांबले. टोप्या, फेटे, बायका, बाजारात बांगड्या विकणारी मावशी, सगळे उतरले. वॉचमन पुढं आला. "कुठं निघाला एवढे?"

"वायवाला," सगळे एकदम म्हणाले. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी फलकाकडं बोट केलं. इच्छुक!

खोली लहान होती. खुर्च्या संपल्या तशी माणसं भिंतीला टेकून बसली, काही दारात. वहिनीचे मार्गदर्शक सर आधी गडबडले, मग स्वतः खिडक्या उघडायला लागले. परीक्षक बाई लांबून, नागपूरकडून आल्या होत्या. सरांनी ओळख करून दिली, "आपल्या बाह्य परीक्षक." आबांनी शेजारच्याला विचारलं, बाह्य म्हंजी काय. त्यानं सांगितलं. आबा कुजबुजले, पण दलालाची कुजबुज ती, खोलीभर ऐकू गेली:

"बगा! परीक्षक बी बाहेरून आनलाय!"

खोलीत हशा फुटला. वहिनीही हसली. ती बोलायला लागली.

तिनं बाजार उभा केला. कोण कुठं उभा राहतो, कोण आधी बोलतो, 'बघू' कधी खरं असतं आणि कधी नसतं. भिंतीला टेकलेली माणसं माना डोलवत होती. मग परीक्षक बाईंनी चष्मा काढला.

"तुम्ही म्हणता, पुन्हा भेटायचं असतं म्हणून नकार गोड असतो. मग जो पुन्हा कधीच भेटणार नाही, त्याच्याशी कसं बोलतात?"

"त्याला तोंडावर 'न्हाई' मिळतं, मॅडम," वहिनी म्हणाली. "हायवेवरून गाडी थांबवून उतरलेल्या माणसाला कुणी चहा पाजत नाही. माझ्याकडं अशी रेकॉर्डिंग आहेत. सुरुवातीला मलासुद्धा व्यापारी सरळ 'न्हाई, जावा' म्हणायचे. पहिल्यांदा 'बघू की बाई' ऐकलं, त्या दिवशी मला कळलं की बाजारानं मला आपलं मानलं."

बाईंनी काहीतरी टिपलं आणि सगळ्यांकडं बघून म्हणाल्या, "श्रोत्यांपैकी कुणाला काही?"

चाचा उठले. टोपी सारखी केली. "माजा सवाल हाय. ही लिवती, 'जनावर तुमचंच हाय' म्हंजी पक्का नकार. मागल्या बाजारी मी एका पाव्हन्याला हेच म्हनलो, आन शेळी दिली की त्याला! आता? तुजा नियम मोडला का न्हाई?"

आबांनी डोळे मिटले. मीही मिटले असते, पण मला बघायचं होतं.

"चाचा," वहिनी म्हणाली, "म्हणताना दावं सैल सोडलं होतं का आखडून धरलं होतं?"

चाचांनी आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं. मूठ उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"सैल," ते म्हणाले.

"मग तो होकार. तोंड सगळ्यांना 'तुमचंच' म्हणतं, खरं हात सांगतो. दावं आखडलं की नकार, सैल सोडलं की सौदा. हे माझ्या चौथ्या प्रकरणात आहे, आणि ते मी तुमच्याच हातावरून शिकलेय, फक्त नाव घातलेलं नाही."

चाचा परीक्षक बाईंकडं वळून म्हणाले, "मॅडम, माजं समाधान झालं. हिला सोडा आता."

परीक्षक बाईंनी आणि सरांनी आत जाऊन चर्चा केली, बाहेर येऊन पदवीची शिफारस जाहीर केली, आणि टाळ्या वाजवायच्या नाहीत ही अट दोन टेम्पोभर माणसांनी एकदम मोडली. माझ्या दादानं आणलेले पेढे भिंतीला टेकलेल्यांतल्या निम्म्यांनाही पुरले नाहीत. बांगड्यावाल्या मावशीनं एका पेढ्याचे चार तुकडे केले.

पुढच्या बाजारी ग्रामपंचायतीसमोर सत्काराचा मांडव पडला. आणि साहेब आले! सोबत शाल, नारळ आणि फ्लेक्स. फ्लेक्सवर वहिनीचा फोटो बोटभर, साहेबांचा हातभर, दोघांच्या नावाआधी 'डॉ.' माइक त्यांच्याच हातात.

"आमच्या मॅडमनी कॉलेजचं नाव केलं. मी तर आधीपासून सांगतोय, कॉलेज त्यांचंच आहे!"

मांडवात एकदम शांतता झाली. साहेबांना वाटलं, माणसं भारावली. मग शेळ्यांच्या बाजूनं चाचांचा आवाज आला.

"साहेब, दावं सैल सोडून बोलताय का आखडून?"

असा हशा उठला की पलीकडच्या म्हशी बिथरल्या. साहेबांनाही हसावं लागलं, कशाला ते न कळता. तेवढ्यात आबा स्टेजवर चढले. त्यांनी उजवा हात पुढं केला, तळवा वर. आमच्या बाजारात याचा एकच अर्थ. पटत असेल तर हात मार, सौदा झाला. मारलेला हात आजवर कुणी मागं घेतलेला नाही.

"जूनपासून तास," आबा म्हणाले. "सगळ्यांम्होरं. हाना हात."

"अहो, बघू ना आपण..."

"बघू म्हनाला!" दहा ठिकाणांहून ओरडा झाला. साहेबांनी उजवीकडं पाहिलं, डावीकडं पाहिलं. निवडणूक तोंडावर आली होती आणि सगळा बाजार मतदार होता. त्यांनी हात मारला. आबांनी मुद्दाम तळवा माइकशेजारी धरला होता. तो आवाज मी अजून कानात घेऊन फिरते.

मी संधी सोडणार होते का? पुढं होऊन माझा जुना प्रश्न विचारणार, इतक्यात बांगड्यावाल्या मावशीनंच विचारलं, अगदी साधेपणानं, "साहेब, सूनबाईचा इषय आमाला कळला. तुमचा काय हुता?"

साहेबांनी घाम पुसला. "चहा घेऊ आधी," ते म्हणाले. "चहा सांगा रे सगळ्यांना!"

पुढची काही मिनिटं कुणाला काही ऐकू आलं नाही. माणसं एकमेकांच्या खांद्यांवर डोकी टेकून हसत होती. हशा निवला तसा साहेबांनी घाईघाईनं वहिनीला फ्लेक्सखाली बोलावलं. फोटो काढू म्हणाले, दोन डॉक्टर एका फ्लेक्सवर.

वहिनीनं हात जोडले. पदर मुठीत आखडून धरला, सगळ्यांना दिसेल असा.

"फ्लेक्स तुमचाच आहे, साहेब," ती म्हणाली आणि स्टेजवरून खाली आली.

जूनमध्ये तास सुरू झाले. त्यानंतरच्या साहेबांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर नावाच्या आधी काहीच नव्हतं. बाकीचे डॉ. रस्त्याकडेला अजून उभे आहेत, ऊन खात. माझी पत्रकंही चालू आहेत. हल्ली मथळा एकच ठेवते, 'या आणि अडवा!' खाली लिहिते: परीक्षा खुली असते. ज्यानं दिली त्यानं दाखवावी.

परवा बाजारात आबांना कोपरगावकडून आलेल्या एका व्यापाऱ्यानं विचारलं, "तुमची सून डॉक्टर झाली म्हनं? बाहेरून का?"

"न्हाई," आबा म्हणाले. "सगळ्यांम्होरं."